मेल्यानंतरचे शंकरराव

शंकररावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना मरून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि ते मला पँटचं कापड दाखवत होते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कारंज्याच्या एका शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. अमरावतीहून येताना अंगावर धोतर आणि वडिलांचा कोट होता. आमचे हेडमास्तर सुधारक बाण्याचे. फळ्याकडे वळलो की माझ्या धोतराचा सोगा खडूच्या भुकटीत लोळतो आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळतात, हे त्यांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा मला बोलावून सांगितलं, "पँट शिवा. दोन शिवा." त्या काळी गावात पँट घालणारी माणसं म्हणजे डॉक्टर, जिनिंगमधले साहेब आणि ज्यांचं लग्न ठरायचं बाकी आहे असे तरुण. मी यांपैकी काहीच नव्हतो, त्यामुळे लाजत लाजतच गफूरशेठच्या दुकानात गेलो.

दुकान कापूसबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. बाहेर ओट्यावर रहमान टेलरचं मशीन, आत पांढरी गादी. गादीवर एक उंच, हाडापेराने मोठा माणूस मांडी घालून बसला होता. स्वच्छ धोतर, सदरा, डोक्यावर काही नाही, केस पिकत आलेले. मी पँटचं कापड म्हटल्यावर त्यांनी मागच्या फळीवरून दोन ठाणं काढली आणि माझ्यापुढे उलगडली. एक पांढरं ड्रिल, जाड, कडक. दुसरं बदामी रंगाचं ट्विल, तेही शुद्ध सुती, पण हाताला मऊ. दोन्ही उंची होती. मी म्हटलं, आणखी दाखवा.

"दोनच दाखोतो," ते म्हणाले. "तिसरं ठाण काढलं का मानूस कापड पाहात नाही. मंग बायकोले इचारून येतो म्हनते, अन् येत नाही."

"मग तुम्हीच सांगा, यातलं कोणतं घेऊ?"

"घालनार तुमी, अन् सांगू मी? फाटली त मले शिव्या, टिकली त तुमी शायने. थे काही जमनार नाही, मास्तर." मग त्यांनी विचारलं, "जेवाले खाली बसता का टेबलावर?"

कापडाच्या दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खाली म्हटलं. तर त्यांनी ते ड्रिल माझ्या कमरेभोवती गुंडाळलं आणि मला गादीवर मांडी घालून बसायला लावलं. मग उठवलं. मग ट्विल गुंडाळून पुन्हा बसवलं. रस्त्यावरून माझ्याच वर्गातली दोन पोरं जात होती, ती थांबून हा सोहळा पाहू लागली. मी घाईघाईने बदामी म्हणून टाकलं. शंकररावांनी बाहेर आवाज दिला, "रहमानभाई, मास्तराचं आसन सैल ठेवा. पंगतीत बसनारा मानूस हाय."

हे ते प्रत्येकाला करायला लावत. वकिलालासुद्धा त्यांनी बसवलं होतं म्हणतात. गिऱ्हाइकं हसत, वैतागत, पण बसत. हे सगळं कशासाठी चालतं ते मला बरंच नंतर कळलं.

त्याआधी कळलं ते त्यांचं टोपणनाव. पँट न्यायला गेलो तेव्हा ओट्यासमोर चार-पाच पोरं एकमेकांना ढकलत होती. त्यातला एक धीट पोरगा पुढे झाला आणि वाकून शंकररावांच्या पायांकडे पाहू लागला. शंकरराव चप्पल काढून पायरी उतरले, उन्हात उभे राहिले आणि म्हणाले, "पाय सुलटे हायत ना? आता सावली पाहा. हाय ना? जा मंग घरी." पोरं "पळसराव, पळसराव" करत पळाली. शंकरराव मात्र लगेच आत आले नाहीत. ते आपली सावली पाहत तसेच उभे राहिले. पुढे माझ्या ध्यानात आलं की पोरं नसली तरी ते हे करत. दुपारी ओट्यावरून उतरले की आधी खाली पाहायचे, मग चालायला लागायचे.

मी रहमानला विचारलं, पळसराव कशावरून? त्याने मशीनचा पाय थांबवला नाही.

"शंकरभाऊ मेलेले हायत, मास्तर," तो म्हणाला. "तुमाले ठाऊक नाही काय?"

शंकरराव मूळचे मंगरूळपीरचे. घर खाऊनपिऊन सुखी, वडील तालेवार आणि करडे. शंकररावांचं लग्न होऊन मुलगा पाळण्यात होता, तेव्हा कुणा नातेवाइकाच्या लग्नासाठी त्यांनी अकोल्याहून पँट शिवून आणली. घराण्यातली पहिली पँट. पांढऱ्या ड्रिलची. अकोल्याच्या दुकानात म्हणे दोन कापडांमध्ये त्यांचा अर्धा दिवस गेला होता. वडिलांनी पँट पाहिली आणि तोंड फिरवलं. लग्नाची गडबड होती म्हणून बोलले काहीच नाहीत. मग पंगत बसली. शंकरराव मांडी घालायला खाली वाकले, आणि त्या कडक ड्रिलचं आसन टर्रकन फाटलं.

आजूबाजूचे हसले. त्यात हसण्यासारखं होतंच. पण वडिलांनी भर पंगतीत, वाढपी उभे असताना, आवाज चढवून म्हटलं, "साहेबाचं सोंग घेतलं, आता साहेबाच्या घरी जेव जा. या घरात तुले पान नाही."

शंकरराव भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडे माणूस भरल्या ताटावरून उठला की बायकांच्या काळजात धस्स होतं. तसं ते झालंही असेल. पण बोलायची टाप कुणाची? शंकरराव घरी गेले, पँट काढून खुंटीला लावली, धोतर नेसले आणि निघाले. बायकोला वाटलं, शेताकडे गेले असतील. ते परत आलेच नाहीत.

एवढ्या वर्षांत ते कुठे होते हे त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "हिंडलो." बोलता बोलता कधी इंदूरच्या गिरणीचं नाव यायचं, कधी अहमदाबादच्या कापडबाजाराचं. एकदा म्हणाले, मूर्तिजापूरपर्यंत आलो होतो, स्टेशनावर चहा घेतला आणि परत फिरलो. का, म्हटल्यावर म्हणाले, "दारात बाप उभा असन अशे वाटे मले. थे कव्हाचे मेले होते, पन मले कोन सांगनार?"

पत्र का नाही लिहिलंत, हे मी एकदाच विचारलं. त्यांनी हातातलं ठाण गुंडाळून संपवलं, फळीवर ठेवलं आणि मला पान देऊ केलं. मी पुन्हा विचारलं नाही.

आता पळसाचं. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याचा पत्ता लागला नाही, तर तो गेला असं धरून त्याचे दिवस करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा आणि देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग बायकोने कुंकू पुसायचं. शंकररावांच्या थोरल्या भावाने, दादाजींनी, बारा वर्षं भरली तशी उचल खाल्ली. त्यांच्या मुलीचं लग्न काढायचं होतं, आणि घरात एक बाई सवाष्ण म्हणावी की विधवा म्हणावी हेच ठरत नव्हतं. ओटी कुणी भरायची, हळद कुणी लावायची, सगळीकडे अडायचं. हे दुःख दादाजींना फार मोठं वाटत असावं. यमुनाबाई, म्हणजे शंकररावांच्या पत्नी, नाही म्हणत राहिल्या. पण नाही म्हणणाऱ्या बाईचं त्या घरात कोण ऐकत होतं?

पुतळ्यावर त्या माणसाचं एखादं वस्त्र घालावं असं भटजींनी सांगितलं. घरात शंकररावांचं एकच वस्त्र राहिलं होतं. ती पांढरी ड्रिलची पँट. यमुनाबाईंनी ती ट्रंकेतून काढून दिली. फाटलेलं आसन त्यांनी कधीचंच शिवून ठेवलं होतं, इतक्या बारीक टाक्यांनी की शोधावं लागेल. आला की घालेल म्हणून. पुतळ्याला पँट घालता येईना, पळसाच्या देठांना पाय कुठून आणणार? शेवटी ती घडी घालून वर ठेवली. पाळण्यातला मुलगा, वसंता, तोवर बारा-तेरा वर्षांचा झाला होता. अग्नी त्याने दिला.

आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, भर दुपारी, शंकरराव मंगरूळपीरला सर्व्हिस मोटरमधून उतरले.

हा भाग मात्र त्यांनी मला स्वतः सांगितला, तोही न विचारता. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, रहमान नमाजाला गेला होता. "घर तसंच होतं," ते म्हणाले. "मी दारात उभा राह्यलो अन् आवाज देल्ला. वाटलं, कोनी ओळखनार नाही, सांगा लागन. थे पान्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. कोनी पाव्हना आला असन म्हनून. तिनं मले पायलं, अन् मी तिचं कपाळ पायलं. मले कोनी काही सांगतलं नाही, मास्तर. माहं मरण मले तिच्या कपाळावर दिसलं. मी तसाच फिरलो."

तांब्या तिच्या हातातच होता का, पडला का, ती काही बोलली का, हे मला फार विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. ते पुढे म्हणाले, "पँट जाळली हे मागून समजलं. तिनं शिवून ठेवली होती म्हने. माही पँट जळाली, मास्तर. तिच्यात मी होतो का नोहतो, थेच पाहून राह्यलो आतालोक."

त्या दिवसापासून मला त्या माणसाची थोडी भीती वाटू लागली, हे खरं आहे. भीती म्हणजे पोरांना वाटायची तशी नव्हे. हसतखेळत बोलणारा, गिऱ्हाइकांची टिंगल करणारा हा माणूस आतून सारखा कान देऊन बसलेला असे. मंगरूळपिराकडची मोटर दुपारी दुकानावरून जात असे. तिचा आवाज आला की शंकररावांचा मापाचा गज कापडावर थांबे. मोटर पुढे गेली की पुन्हा माप सुरू. वर मात्र ते कधी पाहत नसत. गिऱ्हाइकांना हे कळायचं नाही. गफूरशेठला कळायचं आणि तो गल्ल्यावर बसल्या बसल्या दुसरीकडे पाहायचा. त्याच भल्या माणसाने त्यांना दुकानामागची खोली दिली होती. लोक म्हणाले, शेठ, मेलेला माणूस दुकानात ठेवता? शेठ म्हणाला, जिंदे नोकर तर पगार वाढवून मागतात.

या सगळ्याला तोड नव्हती असं नाही. शास्त्राने मारलं तर शास्त्रच जिवंतही करतं. दादाजी एकदा स्वतः कारंज्याला आले तेव्हा मी दुकानात होतो. जाड मिशा, खांद्यावर उपरणं. भावाच्या समोर ते गादीच्या अगदी कडेला बसले, टेकले म्हणा. त्यांनी सांगितलं की भटजींना विचारून आलो आहे. माणूस परत आला तर त्याला न्हाऊ घालून, नवा जन्म झाला असं धरून, पुन्हा बारसं करायचं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मग काही दोष नाही.

"तिनं बलावलं काय?" शंकररावांनी विचारलं.

"बायकाईले काय इचारा लागते यात?"

"मांगच्या खेपीलेही नोहतं इचारलं," शंकरराव म्हणाले. "या खेपीले इचारा. थे हो म्हनन त मी उद्या येतो. थे हो म्हनत नाही तोवर मी मेलेलाच बरा."

दादाजी चहा न घेता गेले. यमुनाबाईंनी काहीच कळवलं नाही. महिने गेले, वर्ष गेलं. शंकरराव ज्या एका शब्दासाठी कारंज्यात बसून होते, तो मंगरूळपिरातून निघत नव्हता. वाट म्हणाल तर मोटरने सकाळी निघून दुपारी परत येण्याएवढी.

पितृपक्षात एकदा माझ्या बायकोने त्यांना जेवायला बोलवायला सांगितलं. एकटा माणूस, कोण करून घालतं. मी दुकानात गेलो. शंकररावांनी हात जोडले. "आज नाही, मास्तर. आज घरी जेवन झालं."

मी म्हटलं, घरी म्हणजे? खोलीत स्वयंपाक केला का?

"मंगरूळले," ते म्हणाले. "आज माही तिथ हाय. पोट्ट्यानं पान वाढलं असन. कावळा शिवला असन." आणि त्यांनी खरोखरच तृप्त माणसासारखा पोटावरून हात फिरवला. त्या दिवशी त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिने वाढलेलं ताट पुन्हा झाकून ठेवलं. मग चुलीपाशी बसून म्हणाली, "त्याईच्या बायकोनं आज सैपाक कसा केला असन हो? मानूस जिता हाय हे माहीत असून?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी पुरुष, मला शंकररावांचंच दुःख दिसत होतं.

यमुनाबाईंना मी पाहिलं ते दोनदाच. पहिल्यांदा त्या दुकानात आल्या तेव्हा. उन्हाळा होता, शाळेला सुट्टी. मी रहमानकडे पँट कमरेत सैल करून घ्यायला गेलो होतो, कारण कारंज्याचं पाणी मला मानवलं होतं. दुपारची मोटर गेली, आत गज थांबला, पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. फिक्या रंगाचं लुगडं, मोकळं कपाळ, हातात कापडी पिशवी. रहमान मशीनवरून उठून उभा राहिला. तो कुणासाठी उठत नसे.

त्या गादीच्या कडेला बसल्या. शंकरराव समोर. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"वसंता कालेजात चालला, नागपुरले," त्या म्हणाल्या. "पँटचं कापड पायजे. चांगल्यातलं."

शंकररावांनी मागे वळून दोन ठाणं काढली. पांढरं ड्रिल आणि बदामी ट्विल. उलगडताना त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते, पण नेहमीची बडबड नव्हती. यमुनाबाईंनी दोन्हींवर तळवा ठेवून पाहिला. मग पांढऱ्यावर हात ठेवून विचारलं, "थे हेच होतं ना?"

शंकररावांनी मान हलवली.

त्यांनी पांढरं ठाण हाताच्या मागच्या बाजूने दूर सारलं. "हे नको. बदामी द्या."

"पोट्टा नाही आला?" शंकररावांनी ठाणाकडे पाहत विचारलं.

"नाही येत म्हने. भेते तुमाले." पिशवीचा बंद सारखा करत त्या म्हणाल्या, "अग्नी त्यानं देल्ला होता ना."

रहमान टेप घेऊन दारात आला होता. त्याने हळूच विचारलं, बाई, मग माप कसं घ्यायचं?

"याईचंच घ्या," यमुनाबाई म्हणाल्या. "लेकरू याईच्याच अंगाचं हाय. तीच उंची, तेच पाय."

शंकरराव उभे राहिले. रहमान एरवी मापं मोठ्याने म्हणत असे, ओट्यावरून रस्त्यापर्यंत ऐकू जात. त्या दिवशी तो काही बोलला नाही. कमर, मांडी, पायाची लांबी. शंकरराव हात जरा दूर धरून सरळ उभे होते आणि यमुनाबाई आता त्यांच्याकडे पाहत होत्या. पायापासून वरपर्यंत, सावकाश, माणूस खरोखर पुरा आहे की नाही ते बघावं तसं. तेवढ्यात मला वाटून गेलं की जमलं, ही आता बोलवून नेणार. रहमानलाही वाटलं असावं. तो उगाच टेप गुंडाळत राहिला.

शंकररावांनी कापड मोजलं, बाजूला काढलं. कापड फाडायला त्यांनी कडेला छेद दिला, तर त्या म्हणाल्या, "फाडू नका. कैचीनं कापा." फाडलेलं कापड मयताचं. त्यांनी कात्री घेतली आणि धाग्यावरून कापत गेले. मग कापडाची घडी घालून त्यांनी विचारलं, "आनखी काही?"

दुकानदार विचारतो तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

यमुनाबाईंनी त्या घडीवरून एकदा हात फिरवला. मग त्या बोलल्या, सगळं एका सुरात, भांडणाचा लवलेश नाही. "तुमी ताटावरून उठून गेले, मले सांगतलं नाही. मी बारा वर्स वाट पायली. मंग तुमाले जाळलं, थेही मले इचारून नाही. पन जाळल्यावर मी रडली. बांगड्या फोडल्या, कोपऱ्यात बसली, समदं पुरं केलं. काहीच बाकी नाही ठेवलं. आता तुमाले घरात घेतलं, कुंकू लावलं, अन् उद्या तुमी खरेच गेले, त मले थे समदं पुन्हा करा लागन." त्यांनी पिशवी उचलली. "माह्यानं दुसऱ्यांदा होनार नाही. तुमी हाय, हे मले माहीत हाय. तेवढं पुरे मले."

"बरं," शंकरराव म्हणाले.

त्या गेल्या. शंकररावांनी पांढरं ठाण गुंडाळलं, बदामी गुंडाळलं, दोन्ही जागेवर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमचं काय होतं?" मी म्हटलं, काही नाही, कमर सैल करायची होती. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. आजही थोडा येतो. माझ्या बायकोला मात्र कधीच आला नाही. ती म्हणायची, तिने बरोबर केलं, तुम्हाला नाही कळायचं.

त्यानंतर मोटरचा आवाज आला तरी दुकानातला गज थांबत नसे. मला ते जास्त वाईट वाटे.

शाळा उघडायच्या आधी मला अमरावतीला जायचं होतं. कारंज्याहून मूर्तिजापूरला छोटी रेल्वे होती, बैलगाडीशी शर्यत लावली तर बैलगाडीला आशा वाटावी अशी. डब्यात माझ्यासमोर एक उंच मुलगा ट्रंक घेऊन येऊन बसला. पँट बदामी होती. नाव विचारायची गरजच नव्हती, हाडंपेरं तीच.

शंकरराव फलाटाच्या मागच्या टोकाला झाडाखाली उभे होते. मुलाने त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली. गाडी हलली तसे ते पुढे आले आणि आमच्या खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालू लागले. चालणं सहज जमत होतं. मुलगा आक्रसून बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून शंकरराव म्हणाले, "पँट उनात वाळू घालू नको. रंग जाते. सावलीत घाल."

मुलाने वर पाहिलं. "हाव, बाबा," तो म्हणाला.

शंकररावांचा हात गजावरून सुटला. ते जागच्या जागी थांबले, फलाट संपायला अजून बराच अवकाश होता. गाडी रांगत होती, त्यामुळे ते खूप वेळ दिसत राहिले, हात तसाच अर्धा वर. मुलगा खिडकीतून वाकून बघत होता. मला म्हणाला, "थांबले काहून थे? गाडी त हळूच चालून राह्यली."

अमरावतीहून परतलो तेव्हा दुकानामागची खोली रिकामी होती. गेले, रहमान म्हणाला. कुठे? ते सांगून जाणाऱ्यातले नव्हते. गफूरशेठने मूर्तिजापूरपर्यंत माणूस पाठवला, काही कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

त्या दिवाळीनंतर शाळेच्या कामाने मी मंगरूळपीरला गेलो होतो. दर्ग्याजवळच्या बाजारात यमुनाबाई भाजी घेताना दिसल्या. त्यांनी मला ओळखलं. पदर सावरून जवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हायत ना थे? दुकानात?"

रहमानने मला सांगून ठेवलं होतं. मोटरवाल्याकडे बाईचा निरोप येतो, ते दुकानात आहेत ना म्हणून, आणि रहमान मशीनवरून मान न उचलता एकच उत्तर देतो.

"आहेत," मी म्हणालो.

"पायलं तुमी?"

"पाहिलं. स्टेशनावर. गाडीबरोबर चालत होते."

"चालतात ना नीट?"

"चालतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भाजीवालीकडे वळल्या.